फिलूच्या नावाच्या मिस्सा

सिप्रियनच्या घरात आजवर जी भांडणं झाली ती विहिरीच्या पंपावरून झाली, बांधावरच्या माडावरून झाली. रस्त्याकडची वाडी बिल्डरला द्यायची की नाही यावरून तर बापलेक वर्षभर एकमेकांशी भिंतीकडे बघून बोलत होते. पण स्वर्गावरून भांडण या घरात पहिल्यांदाच झालं. आणि तेही कधी, तर गोल्डन जुबिलीच्या आदल्या संध्याकाळी, कढईत तेल तापलेलं असताना! मुहूर्त काढायची यांच्यात पद्धत नाही, नाहीतर असला मुहूर्त कुणी काढला म्हणून त्यालाच धरला असता.

उद्या सकाळी चर्चमधल्या उपासनेला, म्हणजे मिस्साला, आग्नेस आणि सिप्रियन या दोघांनी वेदीसमोर उभं राहून पन्नास वर्षांपूर्वीची लग्नाची वचनं पुन्हा म्हणायची होती. मग बँड, मग हॉलवर जेवण. पीटरने, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, अर्ध्या गिरीज गावाला आमंत्रण दिलं होतं आणि उरलेलं गिरीज आमंत्रणाशिवाय येणार होतं. केटरर वगैरे सगळं ठरलं होतं, पण फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, मात्र घरचे. केटररचे फुगे आग्नेसला मान्य नव्हते. "ते फुगे नाहीत, पावाला सूज आलीय," असं तिचं मत होतं.

म्हणून संध्याकाळची रोजरीची प्रार्थना आटपल्यावर आग्नेस मागच्या पडवीत चुलीपुढे बसली. फुगलेलं पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि बोटाच्या मधून गोळा वर काढायचा आणि अलगद तेलात सोडायचा. बघायला सोपं. बघणारे बक्कळ होतेच. फुग्यांचा वास सुटल्यावर या घरात कुणाला बोलवावं लागत नाही. सिप्रियन आरामखुर्चीत. त्याची मोठी बहीण रेजिना भिंतीला टेकून, ऐंशी वर्षांची, तोंडात तीनच दात, पण तिन्ही कामाचे. पीटर मोबाईल कानाला लावून बँडवाल्याशी भांडत होता. निर्मळचा आत्माराम, सिप्रियनचा जुना दोस्त, वेदीच्या सजावटीसाठी स्कूटरवरून शेवंतीच्या टोपल्या घेऊन आला होता. फुलं देऊन लगेच निघतो म्हणाला आणि पाटावर बसला.

पीटरची मुलगी ब्रिटनी रविवारी चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण शिकवायची. आजोबा ऐनवेळी वचनं विसरतील म्हणून तिने तालीम लावली होती.

"आजोबा, म्हणा. मी सिप्रियन..."

"मी सिप्रियन. पुढचं तुझ्या आजीला पाठ आहे."

"असं नाही चालत! दोघांनी बोलायचं असतं. 'मी सिप्रियन, तुझा, आग्नेसचा, पुन्हा स्वीकार करतो. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, मरण आपल्याला वेगळं करेपर्यंत मी तुझ्याशी एकनिष्ठ राहीन.'"

"राहिलो की," सिप्रियन म्हणाला. "कुठे जाणार होतो?"

एवढ्यात रेजिनाने तीन दात दाखवले. "मरेपर्यंत आग्नेस. मेल्यावर मग फिलूचा नंबर!"

सगळे हसले. आग्नेसही हसली. फिलोमिना, म्हणजे फिलू, ही सिप्रियनची पहिली बायको. लग्नाला वर्षही धड झालं नव्हतं तेव्हा काविळीने गेली. ती गेल्यावर दोनेक वर्षांनी आग्नेस या घरात आली. त्याला आता पन्नास वर्षं झाली, आणि फिलूचं नाव घरात निघायचं ते फक्त नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात. ते हसण्यावारी न्यायला काहीच हरकत नव्हती.

पण आग्नेसने पुढचा फुगा सोडला तो शेपटीसकट पडला. आग्नेसच्या फुग्याला शेपटी! पाठोपाठ दुसऱ्याला दोन.

"ममा, काय झालं?" पीटरने मोबाईल खाली घेतला.

"काही नाही," आग्नेस म्हणाली. बाईमाणूस काही नाही म्हणालं की शहाण्याने समजून जावं, पण पीटर बापावर गेलेला. तो पुन्हा बँडवाल्याकडे वळला.

आग्नेसच्या डोक्यात चक्र सुरू झालं होतं. मरेपर्यंत. हे शब्द तिने बावीस वर्षांची असताना म्हटले होते. तेव्हा मरण कुणी बघितलं होतं? आता गुडघे बोलत होते, डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि ते 'मरेपर्यंत' बाहेर फाटकाशी येऊन उभं असल्यासारखं वाटत होतं. त्यानंतर काय? वर पोचल्यावर हा माणूस कुणाच्या शेजारी बसणार?

"ब्रिटनी," तिने विचारलं, "त्या शब्दांत थोडा फेरफार करता येतो का? 'मरेपर्यंत'च्या जागी 'मेल्यावरसुद्धा'?"

"आजी! ते चर्चचं आहे. आपण एडिट नाही करू शकत."

"पन्नास वर्षं एकाच माणसाचे मोजे शोधून दिले. दोन शब्द नाही मिळत वाढवून?"

"आमच्यात बघा," आत्मारामने गरम फुगा फुंकत तोंड घातलं, "वडाला सात फेऱ्या मारल्या की सात जन्म फिक्स. माझी बायको, वसुंधरा, दरवर्षी मारते."

आग्नेसने झारा खाली ठेवला. "सात? आणि आम्हाला एकच, तोही मरेपर्यंत?"

"सातही काही खरे नाहीत वहिनी. हा कितवा चाललाय ते सांगत नाही ती. विचारलं तर म्हणते, सातवाच असू दे बाबा."

सिप्रियन खो खो हसला. आग्नेसने त्याच्याकडे असं बघितलं की तो खोकल्यावर आला.

"हसायला काय झालं? मी विचारते त्याचं उत्तर द्या. वर गेल्यावर तुम्ही कुणाशेजारी?"

"मी आधी वर तर जाऊ दे गो," सिप्रियन म्हणाला. "सेंट पीटर स्वर्गाच्या फाटकावर काय काय विचारतो ते बघू."

"आणि फिलू तिथे नसलीच तर?" पीटर समेट करायला गेला. "ममा, म्हणजे, पर्गेटरीत, स्वर्गाआधीच्या शुद्धिस्थानात वगैरे..."

"फिलू पर्गेटरीत?" रेजिना उसळली. फिलू तिची मैत्रीण होती. हे स्थळ तिनेच आणलं होतं. "ती पोर कधीच वर पोचली. अरे, हिनेच पोचवली! दरवर्षी तिच्या नावाने मिस्सा कोण घालतं? नोव्हेंबरात कबरीवर मेणबत्त्या कोण लावतं? शुद्धिस्थानातल्या आत्म्यांची नऊ दिवसांची प्रार्थना कोण करतं? एवढ्या मिस्सा घातल्यावर चोरसुद्धा स्वर्गात जाईल. फिलू तर पुढच्या बाकावर बसली असेल, येशूच्या पायाशी."

चुलीतलं लाकूड तडतडलं. आग्नेसचा पिठाचा हात हवेत राहिला.

तिच्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख उभं राहिलं. लग्नानंतरच्या पहिल्याच नोव्हेंबरात सासूने तिला कबरस्तानात नेलं होतं. "पहिलीसाठी दुसरीने प्रार्थना करायची असते," सासू म्हणाली होती, "म्हणजे घराला सुख लागतं." आग्नेस आज्ञाधारक पोर. तिने एकही वर्ष चुकवलं नाही. पीटरच्या वेळी नववा महिना असताना गेली, पायाला प्लास्टर असताना रिक्षाने गेली. स्वतःच्या आईच्या नावाने एखादं वर्ष राहिलं असेल, पण फिलूचं नाही. आणि या सगळ्याचा हिशेब काय? तिने स्वतःच्या हाताने, गुडघे झिजवून, सवतीला पुढच्या बाकावर नेऊन बसवलं होतं.

"मीच पाठवली गो तिला!" आग्नेस कपाळावर हात मारून म्हणाली. कपाळाला पीठ लागलं. "मला अर्ध्यावर थांबायला काय झालं होतं?"

ब्रिटनी पदराआड हसावं तशी ओढणीआड हसली. आत्मारामला या व्यवहारातलं फारसं कळत नव्हतं, पण अडचण कळली. "वहिनी, परत नाही का घेता येत?"

"काय?"

"त्या मिस्सा."

वेडेपणाचा प्रश्न होता. पण वेडेपणाच्या प्रश्नावर शहाण्या माणसांनी जितका विचार करू नये तितका या पडवीने केला. शेवटी आग्नेस म्हणाली, "पीटर, फादरला फोन लाव."

"ममा, फादर जेवत असतील."

"मग चांगलं आहे. जागे आहेत."

फादर जेन्सन पॅरिशमध्ये नवीन होते, तिशीतले, गिटार वाजवणारे. पीटरने फोन स्पीकरवर टाकला. फादरना वाटलं, उद्याच्या फुलांविषयी काही असेल.

"फादर, आग्नेस बोलते. एक विचारायचं होतं. घातलेल्या मिस्सा मागे घेता येतात का?"

पलीकडे चमचा ताटात पडल्याचा आवाज. मग ठसका. मग पाणी प्यायल्याचा आवाज.

"मावशी, मिस्सा मागे नाही घेता येत."

"आणि जिच्यासाठी घातल्या ती आधीच स्वर्गात पोचली असेल तर जास्तीच्या मिस्सा कुठे जातात?"

"देव त्यांची कृपा ज्या आत्म्यांना गरज आहे त्यांना देतो."

"लिओला मिळाल्या असणार!" रेजिना म्हणाली. लिओ तिचा दिवंगत दीर, अट्टल दारुडा. "फुकटचं कुठे वाटतात ते त्याला बरोबर कळायचं."

आग्नेस मूळ मुद्द्यावर आली. "फादर, हे वर गेल्यावर पहिलीचे की माझे?"

"मावशी, येशूलाच लोकांनी हे विचारलं होतं. एका बाईचे एकामागून एक सात नवरे वारले, सातही भाऊ. पुनरुत्थानानंतर ती कोणाची बायको?"

"सात?" रेजिना हळहळली. "त्या बाईला काहीही न विचारता स्वर्गात घ्या."

"मग येशू काय म्हणाला?" आग्नेसने विचारलं, जरी तिला ते ठाऊक होतं. दर तीन वर्षांनी तो शुभवर्तमानाचा पाठ येतो, आणि दरवेळी तो ऐकताना तिला फुग्यांचं पीठ झाकलं की नाही ते आठवत बसायची सवय होती.

"येशू म्हणाला, तिथे कुणी लग्न करत नाही आणि करून देत नाही. सगळे देवदूतांसारखे असतात."

"सुटलो!" सिप्रियनच्या तोंडून निघून गेलं.

ते निघायला नको होतं. आग्नेस उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश, पण उठली. "थँक्यू फादर. जेवून घ्या. उद्या आम्ही येत नाही."

आता मात्र हाहाकार उडाला. पीटर म्हणाला, ममा हॉल, ममा केटरर, ममा बँड, ममा नायगावची पाहुणेमंडळी. ब्रिटनी फटकन आजीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "आजीचा पॉइंट करेक्ट आहे पप्पा. शी डिझर्व्हज अ‍ॅन आन्सर." पीटर म्हणाला, तू धर्मशिक्षण शिकवतेस की युनियन चालवतेस? रेजिनाला आपणच काडी लावली हे कळलं होतं, म्हणून ती बाजू बदलून आग्नेसकडे आली. "हो ना. नुसतं सुटलो काय म्हणतोस रे? लाज नाही वाटत?" आत्माराम दोन्ही बाजूंनी मान हलवत होता आणि फुगे खात होता.

"तू नको बोलू रेजिना," सिप्रियन म्हणाला. "तूच सुरू केलंस. वर गेल्यावर विचारतील तुला."

"मला कोण विचारणार? मी वर जाणारच नाही." रेजिना शांतपणे म्हणाली. "मी खाली."

"खाली?"

"पहिल्या कम्युनियनच्या दिवशी सकाळी मी वेलची केळं खाल्लं होतं. तेव्हा मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब नाही घ्यायचा, असा नियम. माळ्यावर घड पिकला होता, वास येत होता, काय करू? केळं खाल्लं आणि तशीच जाऊन पवित्र भाकर घेतली. महापाप. कन्फेशनला सांगायची लाज वाटली. ते लपवलं म्हणून ते कन्फेशन बाद. पुढची सगळी बाद. मग लग्न पण बाद, पोरं पण बाद."

"आत्या, सत्तर वर्षं तू हे मनात ठेवलंस?" पीटरने डोक्याला हात लावला.

"सवय होते," रेजिना म्हणाली. "आणि खाली लिओ असेलच, म्हटलं. आता तो पण वर गेला, हिच्या मिस्सांवर."

हसू आवरेना कुणाला. ब्रिटनी तर जमिनीवर बसली. एरवी आग्नेसही बसली असती. पण ती पडवीच्या कडेला जाऊन, वाडीकडे तोंड करून उभी राहिली. केळींच्या पानांत काळोख उतरत होता.

तिला स्वर्गाशी खरं तर भांडायचं नव्हतं. तिला टोचत होतं ते वेगळंच. पन्नास वर्षांत या माणसाने फिलूबद्दल एक शब्द काढला नव्हता. दारू पिऊनसुद्धा नाही. ताप चढल्यावर बडबडला तर तेसुद्धा पंपाबद्दल. कबरीवर यायचा, टोपी काढून उभा राहायचा, आणि घरी येताना भावांच्या भांडणाबद्दल बोलायचा. ज्याचं नाव माणूस काढू शकत नाही ते त्याच्या किती आत असेल, असं आग्नेसला वाटायचं. आपण घरभर आहोत, अंगणात आहोत, कढईपाशी आहोत, पण त्या आतल्या खोलीत ती वीस वर्षांची पोर बसलीय आणि दार लावलेलं आहे. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार काय? मेलेल्या पोरीचा मत्सर वाटतो म्हणून?

मागे आरामखुर्ची करकरली. काठीचा आवाज जवळ आला.

"आग्नेस."

ती वळली नाही.

"मला तिचा चेहरा आठवत नाही गो."

रेजिनाने तोंडावर पदर घेतला.

"लग्नाचा एक फोटो होता तो वाळवीने खाल्ला. मग हळूहळू गेला चेहरा. हसायची कशी, आवाज कसा, काही नाही. फक्त एवढं आठवतं, तिला बोंबील आवडायचे नाहीत." सिप्रियनने काठी या हातातून त्या हातात घेतली. "लाज वाटायची मला. पहिल्या बायकोचा चेहरा विसरलेला माणूस, कुणाला सांगणार? म्हणून गप्प बसायचो. तू कबरीवर गुडघे टेकून तिच्याशी बोलत असायचीस ना, मी बाजूला उभा राहून बघायचो. वाटायचं, हिला ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते."

आग्नेस आता वळली. कपाळावरचं पीठ वाळलं होतं.

"वीस वर्षांची पोर ती," सिप्रियन म्हणाला. "ब्रिटनीपेक्षा लहान. आणि मी असा! कवळी, काठी, कानात मशीन. मी वर जाऊन तिच्यापुढे उभा राहिलो तर ती म्हणेल, आजोबा, कुणाकडे आलात? मी काय सांगू? मी तुझा नवरा? मार खाईन गो मी स्वर्गात. देवदूत धरून हाणतील."

आत्मारामच्या घशात फुगा अडकला. पीटरने त्याची पाठ थोपटली, पण बघत होता आईकडे.

"मगाशी सुटलो म्हणालो ते तिच्यापासून. तुझ्यापासून कुठे सुटणार? फाटकावर कुणी विचारलं तर माझं नाव सांगायला पण तूच लागशील. मला ऐकूच येणार नाही काय विचारतायत ते."

आग्नेसला रडू आलं, आणि सरळ आलं, काही आडोसा न घेता. नवऱ्यासाठी नव्हे. तो तर समोर धडधाकट उभा होता, एक बटण चुकीच्या काजात घालून. तिला रडू आलं ते त्या पोरीसाठी. इतकी वर्षं ती जिचा मत्सर करत आली ती कुणी राणी नव्हती. चुड्याचा रंग उतरायच्या आत मेलेली एक मुलगी होती, जिचा चेहरा आता तिच्या नवऱ्यालाही आठवत नव्हता. बोंबील न आवडणारी. एवढंच काय ते त्याच्यापाशी शिल्लक. आणि आपल्याला मेलीला वाटत होतं की तिने दार लावून घेतलंय.

"रडू नको गो," सिप्रियन घाबरून म्हणाला. "पाहिजे तर मी फादरला सांगतो, मी 'मेल्यावरसुद्धा' म्हणणार. काढतील काय मला चर्चमधून?"

"काही नको. आहे तेच म्हणा. तेच पाठ झालं तरी खूप." आग्नेसने पदराने तोंड पुसलं. ती पुन्हा चुलीपुढे बसली आणि मुठीत पीठ घेतलं.

रेजिनाला अजूनही राहवेना. "म्हणजे मग ठरलं काय? वर कोण कुणाशेजारी?"

"फिलू मध्ये बसेल," आग्नेस म्हणाली. "पोर आहे ती. आम्ही दोघं दोन बाजूंना."

पीटरने नाक ओढलं आणि मोबाईलला बघून उगाच "हॅलो, हॅलो" केलं. ब्रिटनीने आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं. सिप्रियन आरामखुर्चीकडे गेला नाही. चुलीपाशी आत्मारामच्या शेजारचा पाट ओढून बसला.

"आणि ऐका," आग्नेस फुगा सोडता सोडता म्हणाली, त्याच्याकडे न बघता, "आधी मी गेले तर मी तिला सगळं सांगून ठेवीन. तुम्ही कोण, कसे दिसता, कान कोणता चालतो. ती ओळखेल तुम्हाला."

"आणि मी?"

"तुम्ही या मागून." तिने झाऱ्याने फुगा उलटला. "घाई करू नका."